न जाळणारी वीज



आमच्या घरीं गेलीं तेरा वर्षें रोज रात्रीं एक लहानसा विधि चालत आला आहे. देवापुढें दिवा लागला, पानें मांडून झालीं, कीं सौभाग्यवती फ्रिजमधून इन्सुलिनचें पेन काढते, भिंतीकडे तोंड करून पोटाला सुई टोचून घेते आणि मग वाढावयास येते. मागल्या पावसाळ्यांत आमचा पुतण्या मुंबईहून आला होता. जेवतां जेवतां तो म्हणाला, "काकू, युरोपांत आतां आतड्याच्या आंतल्या बाजूला विजेचे ठोके देऊन मधुमेही लोकांचें इन्सुलिन बंद केलें आहे." सौभाग्यवतीनें ताटावरची मान वर केली आणि पुतण्याला न विचारतां मला विचारलें, "अहो, हें खरें का? आणि विजेनें आतडें भाजत नाहीं का?"

मी जन्मभर शाळामास्तरकी केली. माझें शिक्षण जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपुरतें. शाळेंत इतिहास शिकविला, आणि विज्ञानाचे गुरुजी रजेवर असले म्हणजे विज्ञानहि शिकविलें. तेव्हां एकदम 'होय' म्हणण्याचा मला अधिकार नव्हता. आणि जिला रोज सुई टोचून घ्यावी लागते तिच्यासमोर, कांहीं न वाचतां, 'थोतांड आहे' असें म्हणून मोकळें होणें मला प्रशस्त वाटेना. "पाहून सांगतों," एवढेंच मी म्हणालों. त्या पाहण्यांतून जें हातीं लागलें तें आज आपणांपुढें ठेवीत आहें. तें वैद्यकीय सल्ला म्हणून कोणीं घेऊं नये. ती एका शोधाची हकीकत आहे, आणि सौभाग्यवतीच्या दोन प्रश्नांपैकीं दुसऱ्या प्रश्नांत, म्हणजे भाजण्याच्या प्रश्नांत, ती जवळजवळ सगळी सामावलेली आहे.

मनुष्याचा देह आणि माणसानें निर्माण केलेली वीज यांची गांठ पडून आतां पावणेतीनशें वर्षें होऊन गेलीं. १७४६ सालीं फ्रान्समध्यें नोले नांवाच्या एका धर्मगुरूनें राजा पंधरावा लुई याच्यासमोर १८० शिपाई एकमेकांचे हात धरवून उभे केले आणि लायडनच्या बरणींत सांठविलेली वीज त्या रांगेंतून सोडली. सारे शिपाई एकाच क्षणीं उडाले. दरबारची करमणूक झाली. परंतु नोले हा नुसता करमणूक करणारा नव्हता. १७५४ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत त्यानें एक बारीक गोष्ट नमूद करून ठेविली आहे. अंगांतून विजेची ठिणगी काढली असतां कातडीवर त्या जागीं तांबडे डाग उमटतात, ही ती गोष्ट. ते डाग ठिणगीच्या उष्णतेनें उमटत, कीं विजेच्या आणखी कांहीं निराळ्या गुणानें, याचा निवाडा आतां होणें नाहीं. पण प्रश्न मात्र तेव्हांपासूनचा आहे. गॅल्व्हानीचा बेडूक आपण सर्वांनीं शाळेच्या पुस्तकांत पाहिलेला आहे. त्याला तूर्त तसाच टांगलेला राहूं द्यावा. पुढें त्याची गरज लागेल.

पुढल्या शतकांत विजेच्या उपचारांचा बाजार फार माजला. विजेचे पट्टे कमरेला बांधून सर्व रोग घालविण्याच्या जाहिराती युरोपांत व अमेरिकेंत घरोघरीं गेल्या. तसल्या पट्ट्याचा एक नवा अवतार आमच्याहि तालुक्याच्या बाजारांत मधुमेहावर म्हणून विकला गेला आणि आमच्या शेजाऱ्यांचे पैसे त्यांत गेले. पुतण्याची वार्ता ऐकतांच माझ्या कपाळाला आठी पडली ती त्यामुळें.

खऱ्या शास्त्राची वाट १८९१ च्या सुमारास मोकळी झाली. फ्रान्सच्या दार्सोन्व्हाल यानें असें दाखविलें कीं, विजेचा प्रवाह दर सेकंदास दहा हजारांहून अधिक वेळां उलटसुलट फिरविला म्हणजे स्नायू आकसत नाहींत, माणसाला झटका बसत नाहीं, नुसती ऊब लागते. म्हणजे विजेचें बोचणें गेलें आणि तापणें उरलें. या तापण्याचा उपयोग शस्त्रवैद्यांनीं करून घेतला. १९२६ च्या १ ऑक्टोबर रोजीं बॉस्टन येथें हार्वे कुशिंग या प्रख्यात शस्त्रवैद्यानें, बोव्ही या पदार्थविज्ञानवेत्त्यानें सिद्ध केलेलें विजेचें यंत्र हातीं घेतलें आणि डोक्यावरची एक गांठ कापून काढली. रक्तस्रावाच्या भयानें तीच गांठ त्याला कांहीं दिवसांपूर्वीं अर्धवट सोडून द्यावी लागली होती. विजेच्या उष्णतेनें रक्तवाहिन्यांचीं तोंडें जागच्या जागीं मिटत गेलीं. १९६९ सालीं न्यूयॉर्कमध्यें शिन्या व वुल्फ या दोघांनीं गुदद्वारावाटे घातलेल्या दुर्बिणींतून तारेचा फांस नेऊन मोठ्या आतड्यांतील मांसाचा कोंब विजेनें कापून काढला, पोट न फाडतां. त्या युक्तीनें कर्करोगापासून किती माणसें वांचलीं असतील! आजहि ती युक्ति जगभर रोज वापरली जाते.

परंतु उष्णतेला मर्यादा पाळतां येत नाहीं. लहान आतड्याची भिंत अवघी दोनतीन मिलिमीटर जाडीची. तिच्यांतील सर्वांत आंतला थर म्हणजे अस्तर. त्याच्याखालीं रक्तवाहिन्यांचा थर, मग स्नायू, मग बाहेरचें आवरण. अस्तर गेलें तर तें पुन्हा उगवतें, कारण निरोगी माणसाच्या आतड्याचें अस्तर एरव्हीहि चार-पांच दिवसांत बदलत असतें. पण आंच खालीं उतरली तर स्नायू भाजतो, भिंतीला भोंक पडण्याचें भय राहतें, आणि भोंक पडलें नाहीं तरी व्रण आकसून नळी अरुंद होते. भिंतीवरचा पोपडे आलेला गिलावा काढावयाचा, पण वीट हलूं द्यावयाची नाहीं, असें हें काम आहे. आणि अग्नि हा कांहीं थापी धरणारा कुशल गवंडी नव्हे.

न जाळणारी वीज सांपडली ती भलत्याच ठिकाणीं. अमेरिकेंतील लुइव्हिल शहरास ओहायो नदीचें गढूळ पाणी पुरविलें जात असे. तें शुद्ध कसें करावें याची परीक्षा फुलर नांवाच्या तज्ज्ञाकडे सोंपविली होती, आणि तपासावयाच्या उपायांत विजेचाहि एक होता. १८९८ सालच्या त्याच्या जाडजूड अहवालांत असें नमूद आहे कीं, पाण्यांतून उच्च दाबाच्या विजेचे अनेक झटके सोडले तेव्हां जंतू मेले, पण पाणी म्हणण्यासारखें तापलें नाहीं. त्या अहवालानें वाळूच्या गाळण्यांची कीर्ति झाली. विजेची ओळ तशीच पडून राहिली. मला स्वतःला या ओळीचें फार नवल वाटतें. जंतूंना उकळलें नाहीं, विष घातलें नाहीं, मग ते मेले कशानें, हा प्रश्न कागदावर उतरला होता, आणि त्याचें पक्कें उत्तर मिळावयास जवळजवळ सत्तर वर्षें लागलीं.

तें उत्तर इंग्लंडांत, बेडफर्डजवळच्या कोलवर्थ हाउस येथील प्रयोगशाळेंत मिळालें. ही प्रयोगशाळा युनिलिव्हर कंपनीची. आपल्याकडे घरोघरीं साबणामुळें ठाऊक असलेली तीच कंपनी. सेल आणि हॅमिल्टन हे तेथील संशोधक. जंतूंवर विजेच्या तीव्र क्षेत्राचा परिणाम काय होतो, हें त्यांना पाहावयाचें होतें. दुर्बिणीशीं, आतड्याशीं, मधुमेहाशीं त्यांचा कांहींएक संबंध नव्हता. १९६७ व १९६८ सालीं त्यांनीं तीन निबंध प्रसिद्ध केले. दोन विद्युदग्रांमध्यें जंतू व यीस्ट असलेलें पाणी ठेवून त्यांनीं त्यावर विजेचे अतिशय तोकडे ठोके सोडले. एक ठोका २ ते २० मायक्रोसेकंदांचा. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. क्षेत्राची तीव्रता दर सेंटिमीटरास २५,००० व्होल्टपर्यंत. ठोका इतका अल्प कीं पाणी जीवघेणें तापावयास अवधीच मिळत नाहीं. जंतू मात्र मेले.

यापुढील त्यांचें काम वाचतांना मला हुशार विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका तपासल्याचा आनंद झाला. उष्णतेनें मेले असतील का? तापमान मोजून त्यांनीं ती शंका काढून टाकली. विजेनें पाण्याचें पृथक्करण होऊन विषारी द्रव्यें निर्माण झालीं असतील का? तीहि तपासली आणि काढून टाकली. मग त्यांना दिसलें कीं, पेशींच्या आंतील द्रव्यें बाहेर गळत आहेत. आणि यीस्टच्या मोठ्या पेशी सौम्य ठोक्यांनीं मरतात, जंतूंच्या लहान पेशींना तीव्र ठोके लागतात. यावरून निदान झालें. वीज पेशीच्या आवरणावरच घाव घालते. पेशी जितकी मोठी, तितका तिच्या आवरणावर पडणारा ताण अधिक.

हा ताण किती, याचा हिशेब मुलांना फळ्यावर करून दाखवावा असा आहे. पेशीचें आवरण म्हणजे स्निग्ध द्रव्याचा सुमारे ५ नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा. असे वीस लाख पापुद्रे एकावर एक रचावे तेव्हां एक सेंटिमीटर भरेल. सेल व हॅमिल्टन यांच्या गणिताप्रमाणें त्या पापुद्र्यावर सुमारे एक व्होल्टाचा भार पडला कीं तो टिकत नाहीं. एक व्होल्ट म्हणजे काय? हातांतल्या बॅटरीच्या एका सेलांत दीड व्होल्ट असतो. पण ५ नॅनोमीटरांवर एक व्होल्ट म्हणजे दर सेंटिमीटरास वीस लाख व्होल्ट झाले. हवेंतून ठिणगी पडावयास सुमारे तीस हजार पुरतात. पापुद्र्याला भोंकें पडतात तीं यामुळें. पाण्यावरच्या तेलाच्या तवंगांत काडी घालून काढली तर तवंग पुन्हा मिळतो. तसा सौम्य ठोक्यानंतर पापुद्राहि मिळून येतो आणि पेशी जगते. ठोके तीव्र असले तर भोंकें बुजत नाहींत आणि पेशी मरते.

पुढचीं पस्तीस-चाळीस वर्षें विद्वानांचें सारें लक्ष बुजणाऱ्या भोंकांकडे लागलें, आणि तें योग्यच होतें. १९८२ सालीं नॉयमान यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं या क्षणभर उघडलेल्या दारांतून उंदराच्या पेशींमध्यें नवीन जनुक आंत घातलें; या क्रियेला इलेक्ट्रोपोरेशन हें नांव त्यांनींच रूढ केलें. फ्रान्समध्यें पॅरिसजवळ व्हिल्झ्वीफ येथें ल्युइस मीर यानें त्याच दारांतून कर्करोगाचें औषध घातलें. ब्लिओमायसिन हें औषध मोठें जालीम, पण पेशीच्या आवरणांतून सहसा आंत शिरत नाहीं. विजेच्या ठोक्यांबरोबर दिलें म्हणजे शिरतें. माणसांवरील पहिला वृत्तांत १९९१ सालीं प्रसिद्ध झाला. या सर्व खटाटोपांत ठोका चुकून तीव्र झाला आणि पेशी मेली, तर ती प्रयोगाची चूक समजली जाई.

२००५ सालीं दाव्हालोस, मीर आणि रुबिन्स्की या तिघांनीं त्या चुकीचेंच साधन करण्याचें सुचविलें. गणित मांडून त्यांनीं दाखविलें कीं, नुसत्या ठोक्यांनीं, औषधावांचून आणि उष्णतेचा दाह होऊं न देतां, शरीरांतील मांसाचा बराच मोठा भाग मारतां येईल. यांतील मर्माची गोष्ट अशी. वीज पेशीचा स्निग्ध पापुद्रा फोडते. पण पेशी ज्या तंतूंच्या सांगाड्यावर बसलेल्या असतात, त्या सांगाड्याला असा पापुद्राच नाहीं. म्हणून तो बहुतांशीं शाबूत राहतो, आणि त्याच सांगाड्यावर नव्या पेशी येऊन वसतात. अग्नि राहणाऱ्यांबरोबर घरहि जाळतो. या विजेला घराशीं कर्तव्य नाहीं. २०१२ सालीं रुबिन्स्की व त्याच्या सहकाऱ्यांनीं उंदरांच्या लहान आतड्यावर ही गोष्ट पडताळून पाहिली. आतड्याला ठोके दिल्यावर तेथील पेशी मेल्या, पण आतडें जागेवर राहिलें. तीन दिवसांत नवें अस्तर दिसूं लागलें, आणि सात दिवसांत आतड्याचे निरनिराळे थर पुन्हा ओळखूं येऊं लागले. सौभाग्यवतीच्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर येथें मिळालें.

आतां राहिला पहिला प्रश्न. आतड्याच्या अस्तराचा आणि मधुमेहाचा संबंध काय? आपली समजूत अशी कीं, मधुमेह हा स्वादुपिंडाचा रोग. पण जठराला लागून असलेलें जें सुमारे बारा अंगुळें लांबीचें आतडें, ज्याला आद्यांत्र म्हणतात, त्याच्यावर वैद्यांचा संशय फार जुना आहे. १९०२ सालीं लंडनमध्यें बेलिस व स्टार्लिंग यांनीं दाखविलें कीं, लहान आतड्याच्या वरच्या भागाचें अस्तर रक्तांत एक द्रव्य सोडून स्वादुपिंडाला संदेश पाठवितें. अशा द्रव्यांना हॉर्मोन हें नांव स्टार्लिंगनें १९०५ सालीं दिलें. लगेच १९०६ सालीं लिव्हरपूलच्या मूर, एडी व एब्राम यांनीं आद्यांत्राच्या अस्तराचा अर्क मधुमेही रोग्यांना पाजून पाहिला. इन्सुलिन माणसाला प्रथम टोचलें गेलें तें १९२२ च्या जानेवारींत. म्हणजे त्याच्या आधीं सोळा वर्षें ही धडपड झाली. अर्काचा भरंवशाचा गुण आला नाहीं, आणि इन्सुलिन आल्यावर आद्यांत्र साहजिकच मागें पडलें.

तें पुन्हा पुढें आलें शस्त्रवैद्यांमुळें. अमेरिकेंत ग्रीनव्हिल येथें पोरीज नांवाचे शस्त्रवैद्य अतिस्थूल माणसांचें जठर लहान करून अन्नाला आद्यांत्र टाळून पुढें जाण्याची वाट करून देत. १९९५ सालीं त्यांनीं ६०८ रोग्यांचा हिशेब प्रसिद्ध केला. त्यांत मधुमेही होते १४६, आणि त्यांपैकीं १२१ जणांची साखर पूर्ववत् झाली होती. वजन उतरल्यामुळें झाली म्हणावी, तर साखर उतरे ती कांहीं दिवसांतच, वजन फारसें घटण्यापूर्वीं. २००४ सालीं रुबिनो व मारेस्को यांनीं मुद्दाम सडपातळ मधुमेही उंदीर घेतले, त्यांचें जठर तसेंच ठेविलें आणि अन्नाची वाट तेवढी आद्यांत्रावरून वळविली, साखर सुधारली. पुढें रुबिनोनें जुनी वाट पुन्हा उघडली, तेव्हां ती बिघडली. आद्यांत्राच्या अस्तरांतून चुकीचा संदेश जात असावा, असा तर्क यांतून निघाला. तो तर्क अजून तर्कच आहे, हें मी आग्रहानें सांगतों.

मग सहजच प्रश्न आला कीं, पोट फाडून वाट वळविण्यापेक्षां तें बिघडलेलें अस्तरच काढून नवें येऊं दिलें तर? पहिला प्रयत्न उष्णतेनेंच झाला. चिली देशांतील सांतियागो येथें ३९ मधुमेह्यांवर केलेल्या प्रयोगाचा वृत्तांत २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. तोंडावाटे नळी घालून, अस्तराखालीं खाराचें पाणी भरून तें आधीं उचलून घ्यावयाचें, म्हणजे खालच्या स्नायूला आंच लागूं नये. आणि मग फुग्यांत कढत पाणी भरून अस्तर शेकून काढावयाचें. साखर उतरली, पण तिघांचें आद्यांत्र व्रणानें अरुंद झालें आणि तें फुग्यानें रुंदवावें लागलें. अग्नीचा स्वभाव तो.

यानंतर आली पुतण्याची वार्ता. ॲमस्टरडॅम येथील विद्यापीठाच्या रुग्णालयांत १४ माणसांच्या आद्यांत्राला दुर्बिणीच्या मार्गानें विजेचे ठोके देण्यांत आले. २०२४ सालीं त्यांचा वर्षभराचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. हीं माणसें इन्सुलिन टोचून घेणारीं होतीं, परंतु त्यांचें स्वादुपिंड पुरतें थकलेलें नव्हतें. ठोके देतांना स्नायू आकसतात, कारण हे दार्सोन्व्हालचे सौम्य प्रवाह नव्हेत. आपला टांगलेला बेडूक येथें पुन्हा आठवावा. म्हणून रोग्याला गुंगी द्यावी लागते. नंतर दोन आठवडे पातळ आहार. वर्षअखेर १४ पैकीं १२ जण इन्सुलिनवांचून होते, आणि उपकरणामुळें कोणालाहि गंभीर इजा झाली नव्हती.

आपल्या देशांत २०२१ सालीं मधुमेही माणसें दहा कोटींहून अधिक असल्याचा अंदाज भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणींतून २०२३ सालीं पुढें आला. त्या आंकड्याजवळ हा चौदाचा आंकडा ठेवून पाहावा. इतिहासाच्या शिक्षकाला एक खोड असते: चौदा माणसांवरून तो राज्याची परिस्थिति ठरवीत नाहीं.

हें सारें मीं एका संध्याकाळीं सौभाग्यवतीला सांगितलें. ती भाजी निवडीत होती. आतडें भाजत नाहीं, हें तिला पटलें. तवंगाचा दृष्टांत विशेष पटला. बारा जणांचें इन्सुलिन सुटलें, हें ऐकून तिचे हात क्षणभर थांबले. मग तिनें विचारलें, "त्यांना आणखी कांहीं औषध दिलें होतें का?" हा प्रश्न तिनें विचारला नसता तर बरें, असें मला वाटून गेलें. दिलें होतें. सेमाग्लुटाइड नांवाचें, साखर उतरविणारें औषध त्या चौदाहि जणांना त्यानंतर चालू केलें होतें. तेव्हां विजेचा वांटा किती आणि औषधाचा किती, हें त्या प्रयोगावरून निवडून काढतां येत नाहीं.

"मग कळणार कसें?" ती म्हणाली. तुलनेच्या चांचण्या हातीं घेण्यांत आल्या आहेत, असें मी तिला सांगितलें. त्यांत कांहीं रोग्यांना खरे ठोके देतात, कांहींना नुसती दुर्बीण घालून बाहेर काढतात, आणि कोणाला काय मिळालें तें रोग्याला सांगत नाहींत. "म्हणजे कांहीं जण फुकटच दुर्बीण गिळणार," ती म्हणाली, आणि निवडलेली भाजी घेऊन आंत गेली. त्या चांचण्यांचे निकाल छापून आले म्हणजे तिला वाचून दाखवावयाचे, असें मी कबूल केलें आहे. रात्रीं दिवा लागल्यावर तिनें नेहमीप्रमाणें फ्रिज उघडला.